एकमत

शब्दकोश चाळायचा मला नाद आहे. मराठी शिकवणाऱ्याला तो असायचाच! जर्मन भाषेत वाटाघाटींतून मत जुळले, की ‘आइनिगुंग’ झाली म्हणतात. यातला ‘आइन’ म्हणजे एक. राज्ये एक झाली तरी शब्द हाच. इंग्रजाला इथे ‘अ‍ॅग्रीमेंट’ आणि ‘युनिफिकेशन’ असे दोन शब्द लागतात. (त्याच्या ‘अ‍ॅग्री’च्या मुळाशी नुसती मर्जी!) व्हिएतनामी ‘थोंग न्यत’ मात्र जर्मनासारखाच दुहेरी.

जर्मनी १८७१ साली युद्धांनी एक झाला, १९९० साली सह्यांनी. व्हिएतनामसाठी १९७३ साली पॅरिसला सह्या झाल्या. तरी १९७५ साली सायगावात रणगाडे शिरले, मग १९७६ साली देश एक झाला.

आपल्या ‘एकमता’तही ‘एक’ आहेच. ते कोणाचे, असे वर्गात कोणी विचारील म्हणून मी हल्ली वाट पाहत असतो.