वारा पाठीशी असताना

जून-जुलैत पुण्याहून सोलापूर रस्त्याला सायकल घातली की पहिले दोन-तीन तास माणूस स्वतःवरच खूश असतो. हडपसरची गर्दी मागे पडते. लोणी काळभोर, उरुळी, यवत ही गावं भराभर येतात आणि जातात. चौफुल्याला चहा पिताना वाटू लागतं, आपण इतके दिवस स्वतःला उगाच कमी लेखत होतो. भिगवणचं काय घेऊन बसलात, इंदापूरसुद्धा गाठू!

मग सायकल पश्चिमेकडे वळते आणि छातीवर हात ठेवून कुणीतरी मागे रेटतंय असं होतं. सकाळी पळवत होता तो पावसाळी वारा. भीमेच्या खोऱ्यात जमीनही पूर्वेकडे हळूहळू उतरत जाते. या दोघांच्या कामाचं श्रेय मात्र आपण परस्पर लाटलेलं असतं. समोरचा वारा कानात घोंघावतो, पाठीशी असलेल्याचा पत्ताच लागत नाही. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, हे पुस्तकात वाचलेलं असतं. मांड्यांना ते पाटसच्या आसपास समजतं. म्हणून मुरलेला सायकलवाला पावसाळ्यात आधी लोणावळ्याकडे निघतो. ताजे पाय वाऱ्यावर खर्च करतो आणि दमल्यावर त्याच वाऱ्याच्या जिवावर घरी येतो.

श्रेय आणि दोष योग्य जागी लावणं भल्याभल्यांना जमत नाही. सायकल ते शिकवते, आणि फी आगाऊ घेते.

भुकेचंच बघा. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर जोरकस चालवण्याच्या दीड-दोन तासांत आटत येते. पण पोटात कावळे ओरडतीलच असं नाही. आधी हात थरथरतात. सोबत्याचं साधं बोलणं टोचतं. मग मोठे प्रश्न पडू लागतात: आपण हे का करतोय? कुणी सांगितलं होतं? सायकल विकून टाकावी का? अशा वेळी टपरीवर दोन केळी आणि शेंगदाण्याची चिक्की खाल्ली की पंधरा-वीस मिनिटांत तोच रस्ता बरा वाटायला लागतो, सोबतीही गुणी वाटू लागतो. ज्याला आपण वैराग्य समजत होतो, ती भूक होती. तहान लागण्याआधी पाणी आणि भूक लागण्याआधी खाणं, हा नियम प्रत्येकाला कुणीतरी सांगितलेला असतो. ऐकतो कोण!

पंक्चरचा दोषही असाच भलत्याच्या माथी जातो. हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे थोडा वेळ बसून पाहावं. तो ट्यूबमध्ये हवा भरून ती घमेल्यातल्या गढूळ पाण्यात इंच-इंच दाबत नेतो. बुडबुडे फुटतात तिथे काडीने खूण करतो, पॉलिश पेपरने घासतो, सोल्यूशन लावून सुकू देतो, वर तुकडा ठोकतो. आपल्याला घाई झालेली असते. तो मात्र ट्यूब बाजूला ठेवतो आणि टायरच्या आतून बोट फिरवायला लागतो. हळू, वाल्व्हच्या जागेपासून पुन्हा वाल्व्हच्या जागेपर्यंत. मध्येच बोट थांबतं. बाभळीचा काटा बाहेरून मोडून गेलेला, आत टोक तेवढं शिल्लक, नखालाही जेमतेम लागेल इतकं. चिमट्याने ते ओढून तो आपल्यासमोर धरतो. हे टोक राहिलं असतं तर नवीकोरी ट्यूबही पुढच्या गावापर्यंत टिकली नसती; आणि आपण शिव्या कंपनीला घातल्या असत्या.

उतारावर तर लहानपणीची शिकवणच आडवी येते. ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील’ असं घरोघरी सांगितलेलं असतं. खरं तर ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो, मागचं चाक हलकं होतं आणि लगेच घसरतं. कोरड्या, सरळ रस्त्यावर थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेकच करतो. तो हळूहळू आवळायचा, एवढंच. सिंहगड उतरताना वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी. वळणात शिरल्यावर घाबरून ब्रेक आवळला की सायकल आडवी होते, आणि माणूस उठून कपडे झटकत म्हणतो, रस्ता घसरडा होता. कधी तो खरंच घसरडा असतोही. पहिल्या पावसात तेल आणि धूळ वर येते, ओले पांढरे पट्टे गुळगुळीत होतात आणि रेल्वेचे रूळ काटकोनात ओलांडले नाहीत तर चाक पकडतात. पण त्या रस्त्याने ते लपवून ठेवलेलं नसतं.

लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे राईडला 200 किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, 600 साठी 40 तास. इतक्या वेळात कुणाच्या तरी चाकामागे राहणं आलंच. मागच्याला हवेचा विरोध खूपच कमी लागतो, आणि नेमकं तेव्हाच त्याला वाटतं की आज आपली तब्येत झकास आहे. तुम्हालाही कधी असं झकास वाटलं, तर समोरच्या माणसाची घामाने भिजलेली पाठ एकदा बघा. मग मागे कोण आहे ते पाहा, हाताने खूण करा आणि पुढे या. थोडा वेळ वारा तुम्ही घ्या.