दोन ओव्हर माइक द्या

परवा टेनिस बॉल स्पर्धेच्या बातमीसाठी मैदानावर गेलो होतो. मांडवात बारावीतली एक मुलगी स्कोअर लिहीत बसली होती. कुणाच्या किती ओव्हर उरल्यात, कुणाला कुठला बॉल झेपत नाही, सगळं तिला तोंडपाठ. आयोजकांना म्हटलं, "अहो, दोन ओव्हर हिला माइक द्या की." ते हसले. "साहेब, बक्षीस समारंभाचं सूत्रसंचालन देऊ तिला. कॉमेंट्री म्हणजे पोरींचं काम नाय."

मला चंद्रा नायडू आठवल्या.

भारतातल्या पहिल्या महिला क्रिकेट समालोचक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. १९७७ साली टोनी ग्रेगचा एमसीसी संघ दौऱ्यावर आला होता. इंदूरला त्यांची मुंबईशी मॅच झाली आणि त्या मॅचला या बाई माइकवर होत्या. म्हणजे ही गोष्ट पंचेचाळीस वर्षांहून जुनी!

वडील कोण, तर सी. के. नायडू. जन्म नागपूरचा, नाव गाजलं होळकरांच्या इंदुरात. १९२६ साली बॉम्बे जिमखान्यावर याच एमसीसीला ११ षटकार ठोकून १५३ काढणारे आणि १९३२ला लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे कर्णधार. कुणी म्हणेल, बापाच्या नावावर माइक मिळाला. असेलही. पण सीके १९६७ सालीच गेले होते. आणि माइक हातात आल्यावर समोरच्या बॉलवर काय बोलायचं, ते बापाचं नाव सांगत नाही. तिथं खेळ कळावाच लागतो.

चंद्राताईंची नोकरी मात्र इंग्रजीच्या प्राध्यापिकेची, इंदूरच्या सरकारी कन्या महाविद्यालयात. वडिलांवर पुस्तकही लिहिलं. एप्रिल २०२१मध्ये, ८८व्या वर्षी त्या गेल्या. कोरोनाच्या गदारोळात आम्हा पत्रकारांनी ती बातमी चार ओळींत उरकली. मीही त्यातलाच.

आज टीव्हीवर अंजुम चोप्रा दिसतात, पुण्यात जन्मलेल्या लिसा स्थळेकर दिसतात. आनंद आहे. पण एक भारताची कर्णधार होती, दुसरी ऑस्ट्रेलियाकडून वर्ल्ड कप जिंकलेली. बाईला माइक द्यायला एवढी पुण्याई लागते का? आपल्या तालुक्यातले कॉमेंटेटर कुठली रणजी खेळून आलेत? खेळाची आवड आणि बोलायची हौस, एवढ्यावरच उभे राहिले ना? सुरुवातीला तेही अडखळलेच. आपण सांभाळून घेतलं.

पुढच्या महिन्यात आणखी दोन स्पर्धा आहेत. आयोजक मंडळी ही पोस्ट वाचतात, मला माहितीय. सूत्रसंचालन नको, सत्काराचे हार-तुरे धरायला उभंही करू नका. लीग मॅचच्या फक्त दोन ओव्हर द्या. चुकली तर चुकली.

मुलगी स्कोअर बरोबर लिहिते. तो वाचायला दुसऱ्याचा आवाज कशाला हवा?