भिंतीआडचं लिस्बन

लिस्बनला आलेला माणूस आधी बेलेमकडे धावतो. धावावंच. जेरोनिमोस मठाच्या फिकट दगडात जहाजांचे दोरखंड आहेत, गाठी आहेत, समुद्रातली झाडं-झुडपं आहेत. मसाल्यावरच्या जकातीतून उभं राहिलेलं हे वैभव. त्यातली मिरी मलबारची. आत दाराजवळच वास्को द गामाची कबर. तिच्यापुढे मी फार रेंगाळलो नाही.

रेंगाळलो ते बाइशात. हा शहराचा सखल मधला भाग, आणि पहिल्या नजरेत चक्क कंटाळवाणा. सरळ रेषेत आखलेले रस्ते, एकसारख्या खिडक्या, एकसारखे कठडे. सोनारांचा रस्ता वेगळा, चांदीवाल्यांचा वेगळा, चांभारांचा वेगळा. सरकारी वसाहतीत आल्यासारखं वाटतं. मग भिंतीच्या आत काय आहे ते कळतं, आणि पाय हलत नाहीत.

1 नोव्हेंबर 1755. सर्व संतांचा सण, सकाळी साडेनऊचा सुमार. चर्चं माणसांनी भरलेली, मेणबत्त्या तेवत असलेल्या. भूकंप झाला. वाचलेले नदीकाठच्या मोकळ्या जागेत पळाले, तर तेजोच्या मुखातून समुद्र आत आला. उरलंसुरलं आगीने कित्येक दिवस खाल्लं. राजवाडा गेला, सात महिन्यांपूर्वीच उघडलेलं ऑपेरागृह गेलं, पूर्वेकडचा व्यापार सांभाळणारी ‘काझा दा इंडिया’ ही कचेरी दप्तरासकट गेली. गोव्याचा इतिहास लिहिणाऱ्यांचीही कितीतरी पानं तिथे राख झाली.

राज्याचे मुख्य अभियंते मानुएल दा माइया त्या वेळी 78 वर्षांचे होते. या वयातल्या माणसाला आपण आरामखुर्ची पुढे करतो. त्यांनी मात्र पडलेल्या बुरुजातून राज्याचं पुराभिलेखागार वाचवलं आणि नव्या शहराच्या आराखड्यांना हात घातला. मंत्री पोंबाल पाठीशी खंबीर उभे राहिले. त्यांनी गावोगावच्या धर्मगुरूंना प्रश्नावली धाडली: हादरे किती वेळ बसले? समुद्र आधी ओसरला की चढला? देवाचा कोप म्हणून हात जोडून बसण्याच्या त्या काळात हे प्रश्न सुचणं मला मठाच्या नक्षीपेक्षा मोठं वाटतं.

बाइशातल्या घरांच्या भिंतींत लाकडी पिंजरा आहे: उभे, आडवे आणि तिरके वासे एकमेकांत गुंतवलेले. जमीन हलली की लाकूड लवतं. दगड ढासळले तरी घर उभं राहावं, असा हिशेब. नमुना उभारून त्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं आणि तो तपासला, असं सांगतात. राजा जोझे मात्र एवढा धसकला होता की पुढे दगडी छताखाली राहिलाच नाही. आजुदाच्या टेकडीवर त्याच्यासाठी लाकडी महाल बांधावा लागला.

वर कार्मोच्या मठाला आजही छप्पर नाही. नुसत्या कमानी आणि वर आभाळ. लोक तिथे फोटो काढतात, मीही काढले. पिंजऱ्याचा फोटो निघत नाही, हीच त्याची अडचण. दुकानं प्रशस्त करायला, लिफ्ट बसवायला बाइशातल्या काही इमारतींमधले हे वासे कापले गेले आहेत. रस्त्यावरून दिसणारा दर्शनी भाग तेवढा रंगवून जपला. ही जपणूक नव्हे, ही फसवणूक आहे.