आवक किती, वेळ कुठली?

माझं माहेर पैठणचं, सासर सांगलीचं. पावसाळ्यात याचा अर्थ इतकाच, की वडील जायकवाडीच्या नाथसागरात पाणी कधी येतंय याची वाट बघत असतात आणि सासूबाई कोयनेत येणारं पाणी कधी थांबतंय याची. दोघांचा फोन मलाच येतो.

पैठणला आभाळ कोरडं असतानाही धरण वाढू शकतं, हे आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. पाऊस पडायचा नाशिककडे. गंगापूर, दारणा भरत आले की पाणी नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून गोदावरीत उतरायचं आणि मग जायकवाडीचा आकडा हलायचा. वडील पेपर उघडला की आधी धरणाची चौकट वाचत. जिवंत साठा संपून मृतसाठ्यातून उपसा चालू झाला असेल, तर घरात कुणी नळ उगाच उघडा ठेवत नसे. अशा वर्षी 'आवक सुरू' एवढं छापून आलं तरी आई चहात साखर जास्त घालायची.

सांगलीत आले आणि सगळं उलटं झालं. इथं जुलै लागला की माणसं एकमेकांना 'कसं काय' विचारत नाहीत, 'आयर्विन किती?' विचारतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरातल्या लोकांना एवढी मुदतही मिळत नाही, त्यांना त्याआधीच सामान हलवावं लागतं. आणि पुलाच्या आकड्याआधी धरणाचा आकडा. सासूबाई सातवी शिकलेल्या, पण 'अगं, इनफ्लो वाढलाय कोयनेचा' हे त्या भाजी निवडता निवडता म्हणतात. दारावर येणारा दूधवालाही इनफ्लोच म्हणतो. मोबाइलवरच्या निरोपांतून तो शब्द घरात आला आणि राहिला.

मला त्या आकड्याचा अर्थ समजावला समोरच्या काकांनी. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. एकदा माझ्या मोबाइलवर 'कोयना आवक ४० हजार क्युसेक' असा निरोप आला आणि मी घाबरून त्यांना दाखवला. त्यांनी पहिला प्रश्न केला, "किती वाजताची?" दुसरा, "धरणात साठा किती?" मग जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलीने हिशेब मांडला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. ११,५७४ क्युसेक पाणी दिवसभर सारखं आलं तर एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, भरतं. म्हणजे ४० हजार टिकले तर दिवसाला जवळजवळ साडेतीन टीएमसी. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. धरणात ५० असतील तर हे पाणी निवांत मावतं, पायथ्याच्या वीजगृहातून २,१०० क्युसेक सोडत बसले तरी चालतं. पण ९५ झाले असतील तर तीन दिवसांत काठोकाठ, आणि त्याच्या खूप आधी सहाही दरवाजे उचलावे लागणार.

"आणि ही आवक कुणी मोजत नाही बरं का," काका म्हणाले. मला वाटायचं, नदीच्या तोंडाशी कुठंतरी मीटर असेल. तसं नसतं. तलावाची पातळी किती वाढली ते बघायचं, तक्त्यावरून त्या वाढीचं पाणी काढायचं, त्यात तेवढ्या वेळात सोडलेलं पाणी मिळवायचं. म्हणून तासाचा आकडा वाऱ्याच्या लाटेनेसुद्धा वर-खाली होतो. पातळी वाचताना बोटभर फरक पडला तरी कोयनेच्या शिवसागरासारख्या पसरलेल्या जलाशयात हजारो क्युसेक इकडचे तिकडे. एका तासाच्या आकड्यावर सामान बांधू नये आणि सामान सोडूही नये, हे काकांचं म्हणणं मी अजून पाळते.

२०१९च्या ऑगस्टमध्ये मात्र हिशेबाला फुरसत नव्हती. कोयनेतून सुटणारं पाणी लाखावर गेलं होतं. आम्ही गावभागात राहतो. गव्हाची पोती माळ्यावर, फ्रिज दिवाणावर, दिवाण विटांवर, सिलिंडर जिन्यात बांधून ठेवला आणि विश्रामबागेत नणंदेकडे गेलो. आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. दिवाण, विटा, फ्रिज काही उपयोगी आलं नाही, पोती वाचली. परत आल्यावर चिखल काढताना कळलं, की मिक्सरच्या भांड्यात मासा होता. लोक हसतात, पण खरं आहे.

तेव्हापासून कोयनेचा आकडा आला की काका बाकीचंही विचारायला लावतात. कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते आणि तिथून सांगलीपर्यंतच्या पट्ट्यातला पाऊस कुठल्याही धरणात अडत नाही. त्या मुक्त पाणलोटातलं पाणी थेट नदीत. शिवाय वारणा येते ती आयर्विनच्या खाली, हरिपूरला. तिच्यावरच्या चांदोली धरणातून विसर्ग वाढला की तिचा फुगवटा कृष्णेला पुढं सरकू देत नाही आणि पुलाजवळचं पाणी तुंबतं. म्हणजे कोयनेची आवक घटल्याची बातमी वाचून खिडकीपाशी चहा घेत बसावं आणि नदी मात्र चढतच राहावी, असं होऊ शकतं. २०२१च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा ५० फुटांच्या पार गेलं, तेव्हा आमचं घर निदान वेळेवर रिकामं झालं होतं.

भावकीच्या ग्रुपवर आता माझा नियम आहे: वेळ आणि तारीख नसलेला आकडा पुढं पाठवायचा नाही. वयानं आणि मानानं मोठ्या माणसांनाही मी तसं लिहून टाकते, वाईटपणा येतो. धाकटे दीर पुण्यात असतात, त्यांना फार काळजी. गेल्या पावसाळ्यात त्यांनी रात्री उशिरा धरणाचे दरवाजे उघडल्याचा व्हिडिओ पाठवला, खाली 'सांगलीकर सावधान'. सासूबाई चप्पल घालून तयार झाल्या. मी नीट बघितलं तर दरवाजे सहापेक्षा बरेच जास्त होते. कुठलं धरण ते काकांनी सकाळी सांगितलं: जायकवाडी. मी तोच व्हिडिओ वडिलांना पाठवला. त्यांचा उलट प्रश्न आला, "कधीचा आहे?"