बाबांचा एक जून

दरवर्षी एक जूनला आमच्या घरी एक जोक ठरलेला असतो. आम्ही बाबांना 'हॅपी बर्थडे' म्हणायचं आणि आजीनं म्हणायचं, "कशाचा एक जून? सुकडी वाटत होते तवा झालाय ह्यो!" म्हणजे १९७२ च्या दुष्काळात. शाळेत घालताना गुरुजींनी एक जून टाकला, संपलं. आमच्या चाकूरकडे असे एक जूनवाले गल्लोगल्ली सापडतील.

मी पडले कॉन्व्हेंटवाली. माझी सगळी कागदपत्रं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये! ॲडमिशनच्या वेळी जन्माचा दाखला आजीला दाखवला. तिला वाचता येत नाही. तिनं त्यावरून नुसता हात फिरवला आणि म्हणाली, "तुझ्या बापाच्या आधी एक झालं होतं. नवव्या दिशी गेलं."

मला हे माहीतच नव्हतं. विचारलं, "नोंद केली होती का गं?"

"बारसंच नव्हतं झालं. नावच नाही, तर काय लिहावं बाई?"

मला उत्तर सुचलं नाही. हॉस्टेलवर आल्यावर शोधलं. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा. आजीच्या हिशोबानं ते बाळ १९७१ च्या आसपासचं, म्हणजे कायदा होता. २१ दिवसांत कळवायचं, नाव नसलं तरी नोंद होते, नाव मागाहून टाकता येतं. काही मिनिटंच जगलेल्या बाळाच्यासुद्धा जन्म आणि मृत्यू अशा दोन नोंदी व्हायला हव्यात. आजीला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मित्रांनो, आपण इंजिनिअरिंगवाले, म्हणून गणितात सांगते. बालमृत्यू दर म्हणजे वर्षभरात दगावलेली एक वर्षाच्या आतली बाळं भागिले जिवंत जन्म, गुणिले हजार. आजीचं बाळ ना अंशात, ना छेदात. अशी बाळं गळाली की कागदावर दर कमी दिसतो, आणि दर कमी दिसला की तिथं नर्स-डॉक्टर पाठवायची गरजही कुणाला वाटत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं आधी हीच मोजणी नीट केली. ३९ गावांत आरोग्यदूत नेमले, घरोघरचे जन्म-मृत्यू लिहिले आणि नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. २००१ च्या 'कोवळी पानगळ' अहवालानं तर महाराष्ट्रात कितीतरी बालमृत्यू सरकारी नोंदीत येतच नाहीत, हे दाखवून दिलं.

आणि जगलेल्या लेकरांचं काय? बालहक्क करारातलं सातवं कलम म्हणतं, जन्मताच नोंद हा मुलाचा हक्क. भारतानं तो १९९२ मध्ये मान्य केला. पण आपल्याकडचं ऊसतोडीला गेलेल्या बाईचं लेकरू कारखान्यावर जन्मतं. नोंद जिथं जन्म तिथंच करायची, आणि टोळी तर पट्टा पडला की गावाकडे निघते. पुढे त्याच मुलीचं पंधराव्या वर्षी लग्न ठरलं, तर ती अठराची नाही हे कुठल्या कागदावर दाखवायचं?

परवा मेसमधल्या मावशींनी पेढे दिले. नातू झाला होता. मी पहिल्यांदा विचारलं, "नोंद केली का?"

"नाव कुठं ठरलंय अजून?"

"चालतंय मावशी," मी म्हटलं, "नाव नसलं तरी चालतंय."