कोड वाचला की कळतं, असं मी म्हणत असे

कोड नीट लिहिला असेल तर वेगळं डॉक्युमेंटेशन लागत नाही, हे माझं मत अनेक वर्षं ठाम होतं. पुण्यात बाणेरच्या ऑफिसात नव्या मुलांनाही मी हेच सांगायचो. त्याला कारण होतं. कोड बदलत राहतो, डॉक्युमेंट तिथंच राहतं, आणि शिळं डॉक्युमेंट हे नसलेल्यापेक्षा जास्त घात करतं. शिवाय विचारायला माणसं हाताशी असतातच. हिंजवडी घ्या, खराडी घ्या नाहीतर मगरपट्टा, टीममधल्या कितीतरी गोष्टी टपरीवरच्या चहाबरोबरच एकाकडून दुसऱ्याकडे जातात. एआय एजंट आले तेव्हा माझं मत आणखीच पक्कं झालं. जे मॉडेल स्वतः कोड लिहितं, त्याला आपण काय समजावून सांगणार?

आज मी असं म्हणत नाही. आमची अंतर्गत टूल्स एजंटच्या हाती द्यायचं काम माझ्याकडे आलं आणि मत बदलत गेलं.

अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, खुला केला. त्यातून एखादं टूल जोडलं की मॉडेलला मुख्यतः तीन गोष्टी दिसतात: टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि कोणते इनपुट द्यायचे त्याचा आराखडा. कोड पलीकडे सर्व्हरवर असतो. वाचायला कोड समोरच नाही म्हटल्यावर माझा सगळा युक्तिवाद तिथेच गळून पडला.

आमच्या रिफंडच्या टूलचं वर्णन एवढंच होतं: ‘रिफंड करतं.’ इनपुटमध्ये ‘रक्कम’, प्रकार पूर्णांक. रुपये की पैसे? रेझरपेसारख्या पेमेंट गेटवेंना रक्कम पैशांत द्यावी लागते. ५०० रुपये म्हणजे ५००००. टीममध्ये हे प्रत्येकाला पाठ, म्हणून लिहिलेलं कुठेच नाही. चाचणीच्या सर्व्हरवर एजंटने सरळ ५०० पाठवले आणि पाच रुपयांचा रिफंड विनातक्रार झाला. दुसऱ्या एका टूलला त्याने ०३/०४/२०२५ अशी तारीख दिली. पुण्यात हा ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. टूलने उत्तर दिलं, ‘चुकीचा इनपुट’. एजंट तीच विनंती पुन्हा पुन्हा पाठवत राहिला. माणूस अशा वेळी उठून शेजारच्याला विचारतो. एजंटला शेजार नाही.

आता ते वर्णन असं आहे: ‘पूर्ण झालेल्या पेमेंटची सगळी किंवा काही रक्कम ग्राहकाला परत करतं. रक्कम पैशांत द्या. ५०० रुपयांसाठी ५००००. झालेला रिफंड मागे घेता येत नाही. पेमेंट प्रलंबित असेल तर हे वापरू नका, आधी स्थिती तपासा.’ आणि तारखेची एरर सांगते: ‘तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी द्या, उदाहरणार्थ २०२५-०४-०३.’ ही एरर वाचून एजंट पुढच्याच खेपेला स्वतःहून सुधारतो.

यात सर्वांत अवघड वाक्य ‘हे केव्हा वापरू नये’ हे. ग्राहक शोधणारी आमची दोन टूल्स होती. कोणतं कधी वापरायचं हे लिहायला बसलो तर टीममधल्या कुणालाच धड सांगता येईना. शेवटी दोन्हींचं एक केलं. वर्णन लिहिणं हा डिझाइनचाच भाग आहे, हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने पटलं.

पाल्हाळ मात्र नको. प्रत्येक वर्णन मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये जागा खातं. आणि वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. मार्च २०२५च्या आवृत्तीपासून एमसीपीत ‘फक्त वाचतं’, ‘नुकसान करू शकतं’ अशा खुणा टूलला लावता येतात. पण सर्व्हर भरवशाचा नसेल तर त्यांवर विसंबू नका, असं तो प्रोटोकॉलच बजावतो. पैसे हलणार असतील तिथे माणसाची मंजुरी हवीच.

शिळ्या डॉक्युमेंटची माझी भीती आजही खरी आहे. म्हणून वर्णन आम्ही कोडच्याच फाइलमध्ये ठेवतो. वागणूक बदलली आणि वर्णन बदललं नाही, तर रिव्ह्यू पुढे जात नाही.

युनिक्सचं पहिलं मॅन्युअल १९७१चं. युनिक्सचे कर्ते थॉम्पसन आणि रिची बेल लॅब्जमध्ये, वापरणारे बहुतेक तिथलेच सहकारी, तरी त्यांनी एकेका कमांडचं पान लिहिलं आणि त्यात ‘बग्ज’ असा मथळाही ठेवला. हाक मारली की ओ देणारी माणसं होती, तरीही लिहिलं. हे उदाहरण मला आता फार मोलाचं वाटतं, कारण एजंटसाठी लिहिलेली आमची वर्णनं सर्वांत आधी वाचली ती लातूर-जळगावहून नुकत्याच आलेल्या मुलामुलींनी. सीनिअरला विचारायला ती संकोचतात.

तुमच्या टीममध्ये रोज वापरलं जाणारं एखादं टूल आज उघडा. त्याच्या इनपुटचं एकक, तारखेचं स्वरूप आणि ते कधी वापरायचं नाही, एवढं तरी लिहा. मग टीमबाहेरच्या कुणाला तरी ते वाचायला द्या आणि त्याला पडलेला प्रत्येक प्रश्न वर्णनात सोडवा.