आग्रा रस्त्यावरील मुक्काम

जुन्या बुलेटवरून दूरचा पल्ला गाठू इच्छिणाऱ्या मनुष्याने वेगाचा अभिमान घरीच ठेवून निघावे हे उत्तम. कारण 70 मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरात 90 मिलिमीटरांची लांब धाव घेणाऱ्या तिच्या एकुलत्या एका पिस्टनचा स्वभाव मुळातच घाईचा नाही, आणि ताशी साठ-पासष्ट किलोमीटरांच्या पुढे तिला फार वेळ दामटली, तर ते बिडाचे इंजिन आधी आवाजाने, मग थरथरीने आणि शेवटी एखादा नट वाटेत टाकून आपली नाराजी नोंदविते. दीड-दोन तासांनी झाडाखाली उभे राहावे, इंजिन निवू द्यावे, चेनचा ताण बोटाने चाचपावा, केबली पाहाव्या आणि मग पुढची मजल मारावी, असा तिचा शिरस्ता. आगगाडीने एका रात्रीत उरकणारा प्रवास अशा रीतीने अनेक मुक्कामांचा होतो. लॉजमध्ये उतरणे मला वर्ज्य नाही. परंतु जुने यंत्र रात्री रस्त्याच्या कडेला टाकून निजणे जिवावर येते, आणि ज्यांना अंगण आहे व ज्यांच्या अंगणात माझी गाडी उभी राहू शकेल अशी माझ्या माहितीतली घरे बहुधा आप्तांची आणि जुन्या मित्रांचीच आहेत.

पुण्याहून नाशिक व तेथून आग्रा रस्त्याने ग्वाल्हेर हा मार्ग धरण्याचे कारणही तेच. पवार धारला आणि देवासला, होळकर इंदुरास, शिंदे ग्वाल्हेरीस स्थिरावले, आणि त्यांच्यामागून फडावरच्या, पागेवरच्या, कोठारावरच्या कामांसाठी देशावरची नि कोकणातली कुटुंबे उत्तरेस गेली. 1948 साली ती संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, दौलती संपल्या, सरंजाम गेले, पण माणसे तेथेच राहिली. आमच्या घराण्याची एक शाखा अशीच नर्मदेपलीकडे रुजलेली आहे. चांदवडला होळकरांचा रंगमहाल मागे टाकून राहूडचा घाट उतरू लागलो की आपण सहलीस निघालो नसून कोणा पूर्वजाच्या वहिवाटीच्या वाटेने चाललो आहो, असे मला वाटू लागते. ही भावना थोडीशी आत्मप्रौढीची आहे हे मी जाणतो, तथापि घाटात दुसऱ्या गिअरमध्ये गाडीचा ठोका स्थिर लागलेला असताना तेवढी सूट मनुष्याने स्वतःस द्यावी.

अशा प्रवासाच्या विद्येत सामानाची तजवीज हे सर्वांत कठीण प्रकरण. पाने, पकड, जादा प्लग, ट्यूब, चेनलॉक, पॉइंटचा एक संच आणि क्लचची जादा केबल, जी मी जुन्या केबलीला समांतरच बांधून ठेवतो, म्हणजे भर रस्त्यात तुटली तर नवी ओवण्याचा खटाटोप पडत नाही, एवढे घेतल्यावर कपड्यांना जेमतेम जागा उरते आणि मिठाईच्या पेटाऱ्यांना मुळीच उरत नाही. सबब मोटारसायकलवाला पाहुणा रिकाम्या हाताने येतो. इतकेच नव्हे, तर याचक होऊन येतो. त्याला गरम पाणी हवे असते, चिंधी हवी असते, थोडे रॉकेल मिळाले तर हवेच असते. पेढ्यांचा पुडा घेऊन येणाऱ्याशी यजमान औपचारिक सौजन्याने वागतो, कारण पुड्याची परतफेड त्याला करावयाची असते. पण काळ्या हातांनी दारात उभे राहून साबण मागणाऱ्याशी औपचारिक राहणे कोणालाही साधत नाही.

धुळ्याचा माझा मित्र हा वसतिगृहातला सोबती, महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला. आमचा पत्रव्यवहार केव्हा थांबला हे दोघांनाही सांगता आले नसते. भांडणाने तुटलेल्या मैत्रीला निदान मध्यस्थ मिळतो, केवळ आळसाने सुटलेल्या मैत्रीची दरखास्त कोणापुढे ठेवावयाची? त्याने मला पाहताच, "लेका, अजून हेच धूड?" एवढेच विचारले आणि गाडीच्या मागे हात लावून ती ओट्यापर्यंत ढकलू लागला. रात्री कळण्याची भाकरी आणि भरीत झाले, गप्पाही झाल्या, परंतु त्या निवृत्तिवेतन, मुलांच्या नोकऱ्या आणि रक्तदाब यांच्या पलीकडे गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी त्याने हट्टाने राजवाडे संशोधन मंडळात नेले. 1926 साली धुळ्यातच देह ठेवणारे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे मुलूखभर हिंडून लोकांच्या घरातली जुनी दफ्तरे मिळवीत. पोथ्यापेट्या उघडण्याआधी त्यांना माणसांच्या मनांची कुलपे किती ठिकाणी उघडावी लागली असतील, याचा हिशेब मात्र त्या दफ्तरांतून त्यांनी छापलेल्या 22 खंडांत नाही.

माझ्या अनुभवाने सांगतो, मुक्कामाची खरी वेळ रात्रीची नव्हे, सकाळची. बुलेटचे टॅपेट थंड इंजिनावरच पाहावयाचे असतात; तापलेल्या धातूवर केलेले माप खोटे ठरते. त्यामुळे हे काम रात्रभर इंजिन निवल्यानंतर, पहाटे, यजमानाच्या अंगणातच करावे लागते. किक हळूहळू दाबून पिस्टन वरच्या टोकास आणावा, बाजूचे झाकण उघडावे आणि पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवावा. तो अडखळल्यावाचून फिरला पाहिजे, वरखाली मात्र हलता कामा नये. या कामाला नजर गुंतते, हात गुंततात, कान मोकळे राहतात. समोरासमोर बसून ज्या गोष्टी जिभेवर येत नाहीत, त्या खाली मान घालून पाना फिरवणाऱ्याच्या पाठीशी माणसे सहज बोलून जातात, हे मी इतक्या अंगणांत पाहिले आहे की अलीकडे टॅपेटला कमीजास्त करण्याजोगे काही नसले तरी मी झाकण उघडून बसतो.

तापी ओलांडून, पळासनेरचे नाके आणि बिजासनचा घाट मागे टाकून, खलघाटला नर्मदेचे दर्शन घेऊन मी इंदुरास पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आत्याने प्रथम मला नव्हे, गाडीला न्याहाळले. जुन्या बुलेटीच्या पोटातून तेल ठिबकते, आणि अंगण तर तिने स्वतः सारवलेले. "हे काळं पाणी माझ्या रांगोळीवर नको," म्हणत तिने एक पोचे आलेली परात आणून इंजिनाखाली सरकवली. आत्याच्या मराठीत आता निम्मी हिंदी मिसळली आहे. रागावली की मात्र ती निखळ पुणेरी होते.

पहाटे मी झाकण काढले तेव्हा ती पाटावर येऊन बसली होती. झाकणाचा नट हरवू नये म्हणून मी तो तिच्याकडे सोपविला. तिने तो मुठीत धरला. थोड्या वेळाने, काही प्रस्तावना न करता, ती म्हणाली, "दादा गेला तेव्हा मी आले नाही, ते तुम्हा सगळ्यांना लागलं असेल." दादा म्हणजे माझे वडील. मी पुशरॉड फिरवीत राहिलो. वाड्याच्या वाटणीच्या वेळी तिच्याकडून हक्कसोडपत्र हवे होते, ते तिने दिले. वाड्याचा लोभ तिला कधीच नव्हता. "सही मागितली त्याचं काही नाही रे. पण कागद रजिस्टर पोस्टानं आला. पुण्याहून एक माणूस येऊन ओट्यावर बसला असता, चहा प्याला असता, तर मी दहा कागदांवर सह्या केल्या असत्या."

मी यावर काही बोललो नाही. बोलण्याजोगे पुष्कळ होते, पण ते सारे वकिली थाटाचे होते. मी हात पुढे केला, तिने मुठीतला नट दिला, मी झाकण बसविले. मग ती उठली आणि कोपऱ्यावरून पोहे-जिलबी आणायला नातवाला पिटाळताना, "बाहरगावचं माणूस आहे, शेव ज्यादा टाकायला सांग," असे ओरडून सांगू लागली. त्या दिवशी मी निघू शकलो नाही. एका घरी एकच रात्र हा माझा नियम. दुसऱ्या रात्री पाहुणा सवयीचा होऊ लागतो आणि बोलणे पुन्हा रक्तदाबावर येते. हा नियम इंदुरास मोडला.

शाजापूर, गुना, शिवपुरी हा टापू लांबलचक आणि सरळ. त्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. ग्वाल्हेरीस चुलतभावाने माझी उलटतपासणी करून परतीचा रस्ता मला न विचारताच मुक्रर केला: झाशीस त्याच्या सासुरवाडीची मंडळी, सागरास आमच्या आजोबांच्या मावसघरचे कोणी, पुढे नागपूर. पत्ते त्याने सुवाच्य अक्षरात लिहून दिले. प्रत्येकापुढे कोणाशी कोणता विषय काढावयाचा नाही याचीही नोंद केली. वहिनींनी लोणच्याची बरणी आणली. मी सामानाचे तत्त्वज्ञान त्यांच्यापुढे सविस्तर मांडले, त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि भावाने तेवढ्यात हत्यारांची पेटी उघडून पाने बाहेर काढले, बरणी आत बसते का ते पाहिले. ती बसली. पाने मी कोटाच्या दोन्ही खिशांत भरले, ॲमीटरचा काटा मध्यावर आणून किक मारली, आणि खणखणत झाशीच्या रस्त्याला लागलो.